नील बेटावरची येळवस

अंदमानहून आल्यापासून आमच्या शाळेतल्या बायका एकच विचारतात, "काय काय बघितलंत?" मी सांगते, निळा समुद्र बघितला, पोवळी बघितली, काचेच्या तळाच्या होडीतून मासे बघितले. त्यांचं समाधान होतं आणि मधली सुट्टी संपते. पण मला जे राहून राहून आठवतं ते यातलं काहीच नाही. ते एका वांग्याच्या शेतात घडलं. तिथवर पोचायला जरा वेळ लागेल, कारण वाटेत दोन बेटं आहेत आणि माझ्या नवऱ्याच्या उलट्या आहेत.

लातूर

सहल काढली ती आमच्या लेकीनं. ऋतुजा हैदराबादला नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "आई, आजोबांना घेऊन कुठंतरी जाऊ या. शेत गेल्यापासून ते नुसते बसून असतात."

ते खरं होतं. चाकूरजवळचं आमचं शेत त्याच उन्हाळ्यात विकलं होतं. कर्जबिर्ज काही नव्हतं. आण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे गेले होते. माझा नवरा महेश औषधाच्या दुकानातून उठायचा नाही आणि सालगडी मिळायचा नाही. शेवटी आण्णाच म्हणाले, पडीक पाडण्यापेक्षा करणाऱ्याच्या हातात जाऊ दे. बांधाला बांध असलेल्या बसवराजला त्यांनी ते देऊन टाकलं. सही करून घरी आले, व्यवस्थित जेवले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे पहाटे उठले, आंघोळ आणि लिंगपूजा उरकली, धोतर नेसून, टोपी घालून तयार झाले आणि मग कुठं जायचंच नाही हे आठवून खुर्चीत बसले. तेव्हापासून ते रोज तसेच तयार होऊन बसायचे. मला ते बघवायचं नाही.

ऋतुजानं वर्षअखेरीच्या सुट्ट्या बघितल्या, विमान, बोटी, हॉटेलं सगळं फोनवरच ठरवलं. आजोबांनाही तारखा सांगितल्या. ते म्हणाले, "हाव, जाऊ की." आम्हाला सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं, कारण आण्णा कुठल्याच गोष्टीला पहिल्या झटक्यात हो म्हणत नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी मी किराणा दुकानात गेले. आण्णा तिन्ही त्रिकाळ भात खाणार नाहीत म्हणून ज्वारीचं पीठ, बेसन, शेंगदाण्याची चटणी आणि आमच्या लातूरची तूरडाळ एवढं घ्यायचं होतं. बाहेरची डाळ शिजत नाही असं आण्णांचं ठाम मत आहे. दुकानात ही गर्दी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, येळवशीला बाजरी किती देऊ?"

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या भागात दिवाळीला माणूस एकवेळ घरी येणार नाही, पण येळवशीला शेतात हजर पाहिजे. त्या दिवशी भर दुपारी लातूरच्या मेन रोडवर गाढव लोळलं तरी त्याला कोणी उठवणार नाही, इतकी सामसूम असते. अख्खं गाव शिवारात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, त्यांना पांडव म्हणतात. त्यांची पूजा करायची, आंबिलाचं मडकं घेऊन खोपीभोवती फिरायचं आणि मग भज्जी खायची. ही भज्जी म्हणजे कढईत तळतात ती नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, वांगी, गाजर, मेथी, चिंच, शिवारात जे असेल ते सगळं एका मोठ्या पातेल्यात बेसन लावून शिजवायचं. बरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे. पण या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची: या, भज्जी खायला या. ओळखीचा असो की नसो. ज्याला शेत नाही तो कुणाच्या तरी शेतात पाहुणा म्हणून जातो आणि पोट फुटेस्तोवर जेवून येतो.

आण्णांनी जन्मात एकही येळवस चुकवली नव्हती. मी लग्न होऊन आले त्या वर्षी आम्ही बैलगाडीनं गेलो होतो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाडीत पातेली धरून बसलेल्या, आणि आण्णा बांधावर उभे राहून रस्त्यावरच्या यष्टीच्या ड्रायव्हरलासुद्धा हाका मारत होते. त्यानं खरंच यष्टी थांबवली आणि सगळी यष्टी जेवून गेली. आत्याबाई दोन वर्षं ते बोलून दाखवत होत्या. आता आत्याबाई नाहीत.

आणि शेत गेल्यानंतरच्या या पहिल्याच येळवशीला आम्ही आण्णांना समुद्रापार घेऊन चाललो होतो. पंचांग बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. लातूरच्या घरात ही चूक होणं म्हणजे कमालच.

रात्री महेशला सांगितलं. तो दुकानातल्या आवाजात म्हणाला, "बोलायचंच नाही. तिकडं समुद्रात त्यांना कोण सांगायला येतंय?" मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करून ठेवलं. फारच हुशार होतो आम्ही.

हॅवलॉक

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला बोटीनं जायचं. पाट्यांवर आता स्वराज द्वीप असं लिहिलेलं असतं, पण बोटीवरचे सगळे हॅवलॉकच म्हणतात. ही बोट आतून थेट सिनेमा थिएटरसारखी, गार आणि बंद. महेशनं निघताना डब्यातले चार धपाटे दह्याशी खाल्ले होते. औषधांचं दुकान स्वतःचं असून उलटीची गोळी मात्र घेतली नव्हती. त्याचं पुढं काय झालं ते सांगत नाही. शेजारच्या पंजाबी बाईंनी त्याची माझ्याहून जास्त काळजी घेतली, एवढंच सांगते.

हॅवलॉकला जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, तिथं दिवस फार लवकर मावळतो. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा म्हणून आपल्या हिशेबानं संध्याकाळी गेलात तर अंधार बघून परत याल. आम्ही तेच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारचा चहा घेऊनच निघालो तेव्हा कुठं तो सापडला. दुसरी गोष्ट, जेवणाची. डाळ मागवताना नीट विचारून घ्या. आम्ही नुसती डाळ म्हणालो आणि महेशच्या वाटीतून माशाचं डोकं त्याच्याकडं बघायला लागलं. बिचारा नुकताच बोटीतून सावरला होता. वेटर म्हणाला, "ये तो स्पेशल है." त्यानंतर मी हॉटेलच्या मागच्या अंगणात मॅनेजरच्या परवानगीनं स्टोव्ह लावला आणि रोज सकाळी पिठलं-भाकरी करायला लागले. ऋतुजाला लाज वाटत होती, पण पहिली भाकरी तिनंच पळवली.

आण्णांचं मला नवल वाटलं. मला वाटलं होतं, ते कंटाळतील, कुरकुरतील. पण ते रमले. राधानगरची वाळू इतकी मऊ की त्यांच्या गुडघ्यांना त्रास होईना. धोतर वर खोचून ते गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहायचे आणि लाट आली की हसायचे. त्यांना मी असं हसताना फार दिवसांनी बघत होते. हत्तीच्या नावाचा एक किनारा आहे, तिथं काचेच्या तळाची होडी मिळते. खाली पोवळ्यांचे गड्डे दिसायला लागले तेव्हा आण्णा वाकून म्हणाले, "फुलकोबी हाय बघ. कीड लागली न्हाई."

तिथल्या लोकांशी त्यांचं बरं जमलं. त्यांची हिंदी जुन्या निजामी वळणाची. शहाळेवाल्यानं आणखी एक घ्या म्हटलं की ते म्हणायचे, "नक्को जी, पेट भर गया." शहाळेवाला मूळचा हैदराबादकडचा तेलुगू निघाला. त्याला ते 'नक्को' ऐकून कोण आनंद झाला. दोघं अर्धा तास बोलत बसले. भाव कमी झाला नाही, पण शहाळ्यातली मलई त्यानं सगळी काढून दिली.

मी मात्र मनातून सारखी धास्तावलेली. फोन वाजला की आधी मी उचलायचे, न जाणो कोणी येळवशीचं विचारलं तर! चंद्र रोज बारीक होत चालला होता. त्याला कसा लपवणार?

नील

नील हे बेट म्हणजे हॅवलॉकचं धाकटं भावंड. पाटीवर शहीद द्वीप. गर्दी कमी, सायकलवर बसून अख्खं बेट फिरून येता येतं. जाणार असाल तर मुक्काम इथंच जास्त ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. सीतापूरला सूर्योदय, भरतपूरला पाण्यात डुंबायचं, लक्ष्मणपूरला वाळूत पाय पसरून काही न करता बसायचं. किनाऱ्यांची नावं ऐकून आण्णा म्हणाले, "समदं रामायण हितंच आलंय की."

पण मला कोणी एक गोष्ट सांगितली नव्हती. हे बेट शेतकऱ्यांचं आहे. धक्क्यावरून रिक्षात बसलो आणि वळण घेतलं तशी दोन्ही बाजूंना शेतं लागली. नुकतं कापलेलं भाताचं रान, पेंढ्यांच्या गंजी, वांगी, चवळीच्या शेंगा, भोपळ्याचे वेल, मधेच नारळ. आम्ही आण्णांना शेतापासून एवढं लांब आणलं आणि समुद्र ओलांडून पुन्हा शेतातच आणून सोडलं.  रिक्षाच्या दांडीला धरून आण्णा बाहेर बघत राहिले.

रिक्षावाला बिमल नावाचा, पन्नाशीचा बंगाली. त्याचं स्वतःचंही थोडं शेत होतं. ऋतुजानं त्याला विचारलं की आज नॅचरल ब्रिज दाखवाल का. हा समुद्रानं कोरलेला दगडी पूल, नीलमधलं सगळ्यात नावाजलेलं ठिकाण. पाणी ओसरल्यावरच तिथं चालत जाता येतं.

"आज आराम कीजिए," बिमल म्हणाला. "कल अमावस है, पानी बहुत दूर तक उतरेगा. कल दोपहर के बाद चलेंगे."

मी महेशकडं बघितलं. महेशनं एका भोपळ्याकडं बघितलं. ऋतुजानं उगीचच विचारलं, "आजोबा, शहाळं घेणार?"

"घेतो की," आण्णा म्हणाले. "आन् त्वांडं कशाला पाडून बसलाव? उद्या येळवस हाय, मला ठाव न्हाई व्हय?"

रिक्षा नुसती फडफडत होती.

"पोरीनं फोनवर तारखा सांगितल्या तवा पंचांग माझ्या मांडीवर हुतं," आण्णा म्हणाले. "बघून-सवरूनच हाव म्हणलो म्या."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?" मला रागच आला. "मी आठ दिवस जीव मुठीत धरून बसलेय."

"काय बोलू सुनंदा? गावात ऱ्हायलो असतो तर बसवराज आला असता. लई चांगला माणूस हाय, गाडी घेऊन न्यायला आला असता. आण्णा, भज्जी खायला या, म्हणला असता. माझ्या शेतात मला या म्हणला असता. गेलो असतो तर घास उतरला नसता. न्हाई गेलो तर त्याला वाटलं असतं, म्हातारा रुसला. त्यापरीस हितं बरं. हितं कोण बोलवतंय मला?"

इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना आठवण होऊ नये म्हणून आम्ही त्यांना सांभाळतोय. आणि ते मात्र सगळं समजून-उमजून, एका हाकेपासून पळून इतक्या लांब आले होते. जन्मभर ज्या माणसानं हाका मारल्या त्याला हाक ऐकायची भीती वाटावी, याचं मला फार वाईट वाटलं.

पण वाईट वाटून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. हॉटेलवर सामान टाकलं आणि मी बिमलला गाठलं. म्हटलं, आमचा असा असा सण आहे, उद्या शेतात बसून जेवायचं असतं, तुमच्या शेताचा एक कोपरा आणि एक मोठं पातेलं मिळेल का? फक्त पातेल्यात कधी मासा शिजलेला नसावा. मला वाटलं, बंगाल्याच्या घरी ही अट ऐकून तो हसेल. तो म्हणाला, "हमारा माँ का अलग रसोई है." त्याची आई विधवा, जुन्या रीतीची. मासे नाही, कांदा-लसूणही नाही. तिची भांडी वेगळी, चूल वेगळी. मी देवाचे आभार मानले.

संध्याकाळीच तिच्याकडं जाऊन मी आंबील कालवून ठेवलं, ज्वारीचं पीठ आणि ताक. लसूण वगळला. तिनं बोट बुडवून वास घेतला आणि मान डोलावली. पांढरं लुगडं, बारकी चण, पण नजर पक्क्या शेतकरणीची. तिनं सांगितलं, याच महिन्यात त्यांच्याकडं नव्या तांदळाचा सण असतो, नबान्न. लहान वयात लग्न होऊन ती पूर्व बंगालमधून निघाली, छावणीत राहिली, मग सरकारनं इथं जंगलाचा तुकडा दिला. "पहला साल धान हुआ, पर नबान्न में किसको बुलाएगा?" ती म्हणाली. "सब नया आदमी. सबका घर में अपना ही लोग."

"मग काय केलं?" मी विचारलं.

ती हसली आणि पीठ ढवळायला लागली. मी घाईत होते, पुन्हा विचारलं नाही.

आण्णांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "तुमाला काय करायचं ते करा. माझ्या मागं लागू नगा."

येळवस

सकाळी आम्ही भरतपूरला जाऊन आलो. पाणी किनाऱ्याला चढलेलं होतं. मग शेत. आण्णा आले, कारण हॉटेलवर एकटे बसून काय करणार. आले ते आमच्याकडं पाठ करून एका नारळाखाली बसले.

महेश खोप करायला लागला. कडबा नाही म्हणून भाताचा पेंढा, वरून नारळाच्या झावळ्या. औषधाच्या बाटल्या रचणारा माणूस तो, खोप दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडताना त्याच्याच अंगावर पडली. बिमल आणि त्याची बायको तोंड लपवून हसत होते. नारळाखालून आवाज आला, "त्वांड कुणीकडं केलास रं तिचं?"

"काय झालं?" महेश पेंढ्यातून म्हणाला.

"खोपीचं त्वांड उगवतीला पायजे. आन् झावळ्या उलट्या लावायलास. सर, उठ." आण्णा गुडघ्यावर हात ठेवून उठले. मग पुढचा तासभर शेतात दुसऱ्या कोणाचा आवाज नव्हता. पेंढा असा धर, सुतळी तशी बांध, खड्डा खोल घे. बिमल वयानं पन्नाशीचा, पण निमूट ऐकत होता. मी चुलीपाशी बसून वांगी चिरत होते आणि ऐकत होते. वर्षानुवर्षं मी येळवशीला हेच ऐकत वांगी चिरत आले होते. तेव्हा आत्याबाई शेजारी बसून म्हणायच्या, किती वरडतो हा माणूस. मला त्या क्षणी त्यांची इतकी आठवण आली की डोळ्यांना पदर लावला आणि धुराचं नाव पुढं केलं.

पांडव पाहिजेत म्हणून ऋतुजा किनाऱ्यावरून पोवळ्याचे पाच मेलेले, पांढरेशुभ्र दगड घेऊन आली. बिमलनं आधीच बजावलं, पूजा झाली की होते तिथं नेऊन ठेवायचे, बेटावरून नेता येत नाहीत. आण्णांना ते पटलं. "बरोबर हाय. म्या बी माझे पांडव शेतातच ठिवले. ते शेताचे असत्यात." मग एक दगड हातात फिरवून बघत म्हणाले, "चुन्याचं काम वाचलं."

भज्जी झाली. हरभरा नव्हता, तुरीचे ओले दाणे नव्हते. चवळी, वांगी, वाटाणा, भोपळ्याचा पाला, बिमलच्या दारच्या झाडाची चिंच आणि भिजवलेली लातूरची तूरडाळ. बाजरीऐवजी ज्वारीचे उंडे. आत्याबाईंनी असली भज्जी बघून नाक मुरडलं असतं आणि दोनदा वाढून घेतली असती. पूजा झाली. आण्णांनी आंबिलाचं मडकं खांद्यावर घेतलं आणि "ओलगे, ओलगे" असा येळवशीचा घोष करत खोपीभोवती फिरले, आम्ही मागून आंबील शिंपडत निघालो. त्यांचा आवाज पहिल्या फेरीला बारीक होता, शेवटच्या फेरीला शेजारच्या शेतातल्या बायका उठून बघायला लागल्या.

मग पानं मांडली. केळीची पानं, भज्जी वाढली, वाफ निघत होती. आणि आण्णा जेवायला बसेनात.

"बसा की आण्णा, निवायलंय," मी म्हटलं.

ते रस्त्याकडं बघत उभे होते. "कुणाला बोलवल्याबिगर कसं बसायचं? इतक्या येळवशी झाल्या, कधी बसलो का?"

"मग बोलवा ना आजोबा," ऋतुजा म्हणाली. "रस्त्यानं लोक चाललेत की."

"कुणाच्या शेतात उभं ऱ्हाऊन बोलवू?" आण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "हे शेत यांचं. पातेलं यांचं. परक्याच्या रानात उभं ऱ्हाऊन या म्हणणारा मी कोण? तुम्ही जेवा. मला भूक न्हाई."

खोप झाली, पांडव झाले, भज्जी झाली, सगळं झालं होतं. नेमकं जे व्हायला पाहिजे होतं तेच होत नव्हतं, आणि ते माझ्या हातात नव्हतं. मी हताश होऊन बसले.

शेजारच्या पानावर बसलेल्या बिमलच्या आईनं मला विचारलं, काय म्हणतात हे? मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. शेत गेलं आहे. आमच्यात शेताचा मालक लोकांना बोलवतो. यांना आता कोणाला बोलवता येत नाही.

ती ऐकत राहिली. मग उठली. बिमलला आणि सुनेला बंगालीत काहीतरी म्हणाली. दोघं लगेच उठले. वाढलेल्या पानांवरून तिघं जण उठून चालायला लागले. मला वाटलं, अपमान झाला यांचा, परकं म्हटलेलं लागलं. महेश "अरे, रुकिए, रुकिए" म्हणत मागं धावला. ते थांबले नाहीत. बांबूचं फाटक उघडून बाहेर पडले, फाटक लावून घेतलं, आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभे राहिले.

उभे राहिले आणि आमच्याकडं तोंड केलं. स्वतःच्या शेताच्या बाहेर, स्वतःच्या रस्त्यावर, उन्हात तिघंही वाट बघत उभी. बिमलच्या आईनं पदर डोक्यावर घेतला होता, कोणाच्या घरी जाताना घेतात तसा.

आण्णांना माझ्याआधी कळलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा नीट घातली. दोन पावलं पुढं गेले, खोपीच्या तोंडाशी उभे राहिले. मला वाटलं, आवाज फुटणार नाही. पण फुटला, आणि तो आमच्या चाकूरच्या बांधावरचाच होता.

"या," त्यांनी हाक मारली. "भज्जी खायला या."

मराठीतच मारली. बिमलच्या आईनं दोन्ही हात जोडले आणि फाटक ढकलून ती आत आली. तिच्यामागं बिमल, सून. आण्णांनी तिला पाट दिला आणि पहिल्यांदा तिच्या पानावर स्वतः आंबील वाढलं. पहिल्या वर्षी नबान्नला घरचेच बाहेर उभे राहून पाहुणे झाले असणार, हे मला आता विचारायची गरज उरली नाही.

त्यानंतर आण्णांना कोणी आवरू शकलं नाही. ओहोटी बघायला स्कूटरवरून चाललेलं पुण्याचं जोडपं आलं, ते येळवस ऐकूनही नव्हते. दोन गोरी पोरं सायकली टाकून आली आणि उंडे हातात घेऊन हे फळ आहे का म्हणून विचारायला लागली. आण्णा त्यांना मराठीत समजावत होते. पातेलं खरवडून झालं तेव्हा सूर्य खाली आला होता. आम्ही पाच दगड किनाऱ्यावर नेऊन ठेवले तेव्हा पाणी परत चढायला लागलं होतं. नॅचरल ब्रिज मी बघितलेलाच नाही. तो फार सुंदर आहे असं म्हणतात. जाणार असाल तर बघून या.

चाकूर

यंदा येळवस जरा लवकर आली. आदल्या दिवशी बसवराज घरी आला. दारात उभा राहून चाचरत म्हणाला, "आण्णा, उद्या... म्हणजे येणं झालं तर." आण्णा म्हणाले, "बघू." मी भिंतीआडून ऐकत होते. त्या 'बघू'वरून काही कळेना.

सकाळी ते तयार होऊन बसले, रोज बसतात तसेच. मग म्हणाले, "सुनंदा, गाडी काढायला सांग महेशला."

शिवारात ठिकठिकाणी खोपी उभ्या होत्या, धूर निघत होता, पोरं झोके बांधत होती. आमच्या, म्हणजे आता बसवराजच्या शेतापाशी गाडी थांबली. आण्णा उतरले, बांधापर्यंत गेले आणि थांबले. पलीकडं खोप होती. तिचं तोंड उगवतीला होतं. बसवराज पाठमोरा वाकून चुलीतलं जळण सारत होता, त्यानं आम्हाला बघितलं नव्हतं.

मला वाटलं, पाय उचलत नाहीये. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आण्णा, नको वाटत असेल तर परत जाऊ."

"परत कशाला?" ते म्हणाले. "थांब जरा. त्याला बघू दे. हाक मारू दे त्याला."

आम्ही उन्हात उभे राहिलो. बसवराजनं मान वर केली, आम्हाला बघितलं, हात धोतराला पुसले. दोन पावलं पुढं येऊन त्यानं तोंडाशी हात धरला. "आण्णाऽ, या. भज्जी खायला या."

"आलो रं बाबा," आण्णांनी इकडून साद दिली, आणि चपला बांधावर काढून ते शेतात शिरले.